मी शिकवलेली चेष्टा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मला चहात साखर किती घातली तेही सांगावं लागतं.

मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरच्या एका छोट्या कॉलेजात मी प्लेसमेंटचं काम बघतो. म्हणजे काय? तर कॉमर्स शिकवता शिकवता पोरांना नोकऱ्या मिळवून द्यायच्या. त्यासाठी एक खोली आहे आणि एक टाय आहे. ज्याची मुलाखत, त्याच्या गळ्यात टाय.

त्या वर्षी पुण्याची एक कंपनी आली. ग्राहकांशी फोनवर मराठीत बोलणाऱ्या मुली त्यांना हव्या होत्या. आमच्याकडे घरात मराठी, पण शिक्षण सगळं हिंदीत. मी मात्र स्वतःला शुद्ध मराठीचा जाणकार समजत होतो — कशाच्या जोरावर, देव जाणे! जवळच्या शाहपूरची मनीषा माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिला पुण्याला जायचंच होतं. वडिलांनी कसंबसं हो म्हटलं होतं, तेही माझ्या शब्दावर.

तिची उत्तरं मी स्वतः घोटून घेतली. ती 'कोशिश करीन' म्हणाली की मी डाफरायचो. हे हिंदी झालं! भारदस्त शब्द हवा. आणि तो मी दिला — चेष्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला नव्हतं. आमच्या घरात थट्टेला मजाक म्हणतात.

मुलाखत माझ्याच खोलीत झाली, मी कोपऱ्यात बसून. कंपनीकडून आलेल्या बाईंनी विचारलं, ग्राहक चिडला तर काय करशील? मनीषा खणखणीत आवाजात म्हणाली, आधी शांतपणे ऐकून घेईन, मग चेष्टा करीन. आणि साहेब चिडले तर? आणखी चेष्टा करीन, शेवटपर्यंत सोडणार नाही. पुण्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. आणि मी — मी अभिमानानं मान डोलावत होतो!

नंतर बाईंनी मला बाजूला घेतलं. मुलगी हुशार आहे, म्हणाल्या, पण लोकांची टिंगल करायची एवढी हौस कशी? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. एक वाक्य पुरलं असतं — शब्द माझा आहे, तिचा नाही. का नाही बोललो? पुण्याच्या बाईंसमोर माझं मराठी उघडं पडलं असतं, म्हणून. बस्स, एवढ्यासाठी. मी हसलो आणि म्हणालो, "हो ना मॅडम, स्वभावच जरा थट्टेखोर आहे तिचा."

नोकरी गेली. तयारी कमी पडली, असं मी मनीषाला सांगितलं. तर तिनंच माझी समजूत काढली. "टेन्शन नका घेऊ सर, माझ्याकडूनच काही गडबड झाली असेल." वडिलांनी दुसऱ्यांदा हो म्हटलं नाही. आता ती शाहपूरलाच एका शाळेत शिकवते, आणि बाजारात भेटली की वाकून नमस्कार करते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदा तिनं धाकट्या बहिणीला माझ्याकडे पाठवलं. सरांसारखी तयारी कुणी करून घेत नाही, म्हणे. मी बहिणीला शिकवलं — मी प्रयत्न करीन. पोरगी गोंधळली.

"पण सर, ताई तर बोलली ना, चेष्टा बोलायचं म्हणून?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. पुण्याच्या बाई नव्हत्या, कुणीच नव्हतं. खरं बोलायला आता काय हरकत होती?

"ताईनं चुकीचं पाठ केलं होतं," मी म्हणालो.