फोनमधली बाई काय बोलली

पिलसुनताईचं नाव काढलं की मी आधी तिला चार शिव्या घालते आणि मग रडते. उभा जन्म आम्ही दोघींनी कोरियाच्या दक्षिण टोकाला, थोंगयोंगच्या धक्क्यावर एकाच शेडमध्ये, समोरासमोर उभं राहून कालवं फोडली. तिच्याइतका हात कुणाचा चालायचा नाही, आणि जीभही. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा, दोंगसिक, तो लांबच्या समुद्रात जाणाऱ्या बोटीवर. त्याला इथलं कुणी पोरगी देईना, तेव्हा व्हिएतनामहून थोआला सून करून आणली.

थोआ गुणाची होती हो. पण पिलसुनताईनं तिला सुखाचा घास खाऊ दिला नाही. हे मी ताईच्या तोंडावर सांगायचे, मग तुम्हाला सांगायला कसली भीती? पोरीनं तिच्या माहेरच्या माशाच्या पाण्याची बाटली उघडली, की ही वास येतो म्हणून थंडीतसुद्धा खिडक्या सताड उघडायची. आईशी फोनवर बोलायला लागली, की “झालं का कुजबुजून?” नात झाली, युनसल. ती रांगायला लागायच्या आत तिला थोआच्या आईकडे व्हिएतनामला धाडली. का, तर हंगाम आला होता आणि शेडमध्ये हात हवे होते. तशी पुष्कळ घरं धाडतात, नाही असं नाही. पण थोआचं दूध आटलं नव्हतं. ती कालवं फोडायची आणि तिच्या रबरी एप्रनच्या आत सदरा भिजलेला असायचा.

पुढं तिचं पोट दुखायला लागलं. “हंगामात सगळ्यांचंच दुखतं,” ताई म्हणाली. दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. चेरी फुलायच्या आत पोरगी गेली.

त्यानंतर थोआची आई या लोकांचा फोन उचलेना. दोंगसिक पुन्हा बोटीवर निघून गेला. ताई मात्र पार खचली. शेडमध्ये सुरी हातात घेऊन नुसती उभी राहायची. “युनसलला एकदा मांडीवर घ्यायचंय गं,” म्हणायची. “एकदाच. मग मेले तरी चालेल.”

अशात आमच्या शेडच्या बायकांची व्हिएतनामला, दानांगची सहल ठरली. थोआचं माहेर तिथून जवळच. ताईनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं. गावच्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात एक पोरगी आम्हाला फोन शिकवायला यायची. तिनं आमच्या फोनमध्ये काय काय भरून दिलं! रस्ता दाखवणारं, टॅक्सी बोलावणारं, तिकडचे पैसे आपल्याकडचे किती ते सांगणारं. शिवाय आपण बोलायचं आणि फोनमधल्या बाईनं ते तिकडच्या भाषेत बोलून दाखवायचं, असंही एक. बाकीच्या जणी त्या बाईला “भाव कमी कर” म्हणायला लावत होत्या. पिलसुनताई कोपऱ्यात बसून एकच वाक्य घोकत होती.

“काय बोलणार आहेस तिथं?” मी विचारलं.

“योकबत्ता म्हणेन.”

आमच्याकडे काम संपलं की एकमेकींना हेच म्हणतात. योकबत्ता. खूप राबलीस गं, तू होतीस म्हणून निभलं. शेडमधल्या कुत्र्यालासुद्धा आम्ही म्हणतो. पण ताईनं थोआला जिवंतपणी एकदाही म्हटलं नव्हतं. सुनेला कुठं कुणी म्हणतं, असं तिचं. आता ते तिच्या आईला म्हणायला ती समुद्र ओलांडून निघाली होती.

शेवटच्या दिवशी सकाळी बाकीच्या जणी बाजारात गेल्या आणि आम्ही दोघींनी टॅक्सी केली. ती फोनमधली वाट बरोबर निघाली, अगदी फाटकापर्यंत. थोआची आई अंगणात पालेभाजी निवडत होती. आम्हाला बघून उठली नाही, पण हाकललंही नाही. आत फळं-उदबत्ती ठेवलेला थोआचा फोटो होता. बाईच्या पाठीमागून एक चिमुरडी डोकावत होती. कान अगदी दोंगसिकचे! पिलसुनताईनं हात पुढं केला, तशी ती आजीच्या विजारीला चिकटली.

बाईनं चहा ठेवला. ताईनं चहाला हात लावला नाही. जमिनीवर कपाळ टेकून नमस्कार केला, फोन दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “तुमची लेक आमच्या घरात योकबत्ता. फार योकबत्ता.”

फोनमधली बाई गोड आवाजात काहीतरी बोलली. थोआच्या आईचा चेहरा पांढरा पडला. तिनं फोनकडे बोट दाखवलं, पुन्हा बोल म्हणून. ताईला वाटलं, पोचलं! तिनं रडत रडत पुन्हा म्हटलं. त्याबरोबर बाई उठली, नातीला उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

आम्ही पायरीवर बसून राहिलो. चहा निवला. टॅक्सीवाला भोंगा वाजवायला लागला.

“घालवून दिलं गं मला,” ताई म्हणाली. “चल. बरोबरच आहे तिचं.”

दुपारी बस विमानतळाकडे निघाली. आमचा वाटाड्या होआंग कोरियात कारखान्यात राहून आलेला, आमची भाषा बोलायचा. मी रागानं ताईचा फोन त्याच्यापुढं धरला. “बघ रे बाबा, या बयेनं त्या माउलीला काय सांगितलं!”

त्यानं वाचलं आणि डोळे मोठे केले. “आजी, हे कोण बोललं? ‘तुमच्या मुलीची आमच्या घरात विटंबना झाली. फार विटंबना झाली.’ असं आहे इथं.”

“अरे मेल्या, आम्ही आभार मानले!”

“तुमच्याकडे तसं असेल. सोलच्या, राजधानीच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ हाच होतो. यात सोलचीच भाषा भरलेली असते.”

“लाव,” ताई ओरडली. “तिला फोन लाव! सांग मी असं म्हटलं नाही म्हणून!”

त्यानं आपल्या फोनवरून लावला. तिकडचाच नंबर बघून बाईनं उचलला. तो बिचारा हात जोडत, समजावत बराच वेळ बोलला. मग ती बोलायला लागली आणि तिचं संपल्यावर त्यानं फोन खाली घेतला.

“काय म्हणाली?” ताईनं त्याची बाही ओढली.

“म्हणाली, माझी मुलगी फोनवर रोज रडायची. त्या घरातलं कुणीतरी एकदा तोंडानं कबूल करायला आलं, म्हणून मी आत जाऊन पोटभर रडले. मग तुमच्यासाठी भात टाकला. नातीला नवा झगा घातला. दार उघडलं, तर तुम्ही निघून गेला होतात.”

“आणि तू अर्थ सांगितल्यावर?”

होआंगनं खिडकीबाहेर पाहिलं. “म्हणाली, म्हणजे आभारच मानायला आली होती. मोलकरणीचे मानतात तसे. पुन्हा येऊ नका म्हणाली.”

पिलसुनताईनं ओंजळीतल्या फोनकडे पाहिलं.

“पुन्हा लाव,” ती म्हणाली. “तिला सांग, फोनमधली बाई खरं बोलली. खोटं मी बोलले.”

त्यानं लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, तर फोन बंदच करून टाकलेला. विमानतळाच्या पाट्या दिसायला लागल्या होत्या.

तेव्हा ताईनं स्वतःचा फोन तोंडाशी धरला. जन्मात कधी बोलली नव्हती ती सोलची भाषा, बातम्या देणाऱ्या बाईसारखी, एकेक शब्द तोडून बोलली. “तुमच्या मुलीचे आम्ही हाल केले. मी केले.”

फोनमधल्या बाईनं तिच्या त्याच गोड आवाजात ते व्हिएतनामी भाषेत म्हटलं.

“आता बरोबर आहे, आजी,” होआंग म्हणाला.

पण ऐकायला बसमध्ये आम्हीच होतो, आणि आमच्यातल्या एकीलाही ती भाषा कळत नव्हती.