बाय, हूं तरी कर

परवा नातीचा व्हॉइस मेसेज ऐकताना मी आपली मध्ये मध्ये 'हूं, हूं' करत होते. सून हसली. मला मात्र मोखाड्यातले नोकरीचे दिवस आठवले.

तिथे एका संस्थेत मी फोनवर बसायचे. आजाऱ्यांसाठी पाड्यांवर आमची जीप जायची. सुट्टीच्या दिवशी निरोप टिपायला नवं मशीन आलं, त्यात माझाच आवाज भरला होता: 'बोला, मी ऐकते आहे.'

एका सोमवारी बटण दाबलं, तर आदल्या दिवशीचा एका म्हाताऱ्याचा आवाज. खोडाळ्याच्या बाजारातून बोलत होता, मागे कोंबड्यांचा कलकलाट. 'बाय, सून अडलीय. जीप धाड.' मग नुसता श्वास. आमच्याकडे समोरच्याने हूं दिल्याशिवाय कुणी पुढे बोलत नाही, हो. 'बाय, हूं तरी कर. आयकतेस ना?' आणि फोन ठेवला. पाड्याचं नाव राहूनच गेलं.

ड्रायव्हर किल्ली घेऊन दारात उभा. 'ताई, जाऊ कुठं?'

त्याची सून बाळंतपणातच गेली. तिचं दिवसकार्य झाल्यावर म्हातारा आला. वाटलं, भांडेल. त्याने हळूच विचारलं, 'बाय, माझ्यावं रागावली व्हतीस का?'

मी घाईघाईने त्याला मशीन समजावत बसले, बटणं दाखवली. आता वाटतं, त्याआधी त्याचा हात धरून नुसतं 'नाही रे बाबा' म्हणायला हवं होतं.