बसच्या वेळेचं एकच गणित

बस कंपनीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सूनबाईंना सासूबाईंनी थांब्यावरूनच फोन लावला. "अगं, इथली पाटी म्हणते बस येतेय, तुमचं अ‍ॅप म्हणतं गेली. खरं कोण बोलतंय?"

सूनबाई ओशाळल्या. वेबसाइट, अ‍ॅप आणि पाटी यांचे प्रोग्रॅम संगणकाच्या तीन वेगवेगळ्या भाषांत होते आणि वेळेचं गणित प्रत्येकाने आपापल्या परीने मांडलेलं. आपली भाषा सोडायला एकही सहकारी तयार होईना.

"भाषा तुमच्या तुम्हाला लखलाभ," सूनबाई सहकाऱ्यांना म्हणाल्या. "गणित तेवढं एकाच ठिकाणी लिहू. तिन्ही प्रोग्रॅमनी तिथेच विचारायचं."

महिनाभर खपून त्यांनी ते जमवलं. पहिल्याच सकाळी बस रखडली आणि तिन्हीकडे अगदी एकसारखा उशीर झळकला. थांब्यावरची माणसं कुरकुरत होती. त्यांच्यात उभ्या असलेल्या सूनबाईंना मात्र खुदकन हसू फुटलं.