खुर्ची ढकलू नये

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपुरातल्या एका वृद्धाश्रमात मी व्यायाम शिकवायला जात असे. फिजिओथेरपी शिकून नुकतीच आले होते, अंगात रग होती. ती अजूनही आहे.

तिथल्या एक आजी भर मे महिन्यात पाणी पीत नसत. वाळ्याच्या ताट्या भिजवल्या भिजवल्या सुकायच्या, आणि या बाई दुपारभर नुसते ओठ ओले करून बसायच्या. आया म्हणत, म्हातारपणाची खोड. मी खनपटीलाच बसले, तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "पाणी पेलं का जा लागते. अन् जाले दुसऱ्याची वाट पाहा लागते."

पाय गेलेले, पण हात जन्मभर शेतात राबलेले. ते हात मांडीवर ठेवायला लावून आम्ही त्यांना तहानलेलं ठेवलं होतं. मला संताप आला. त्याच दिवशी ठरवलं, आजी संडासाला स्वतःच्या हातांनी जातील.

साधनं कसली म्हणता? जुन्या पायजम्याचे पाय कापून त्यांत वाळू भरली, तोंडं शिवली. त्या पिशव्या उचलायच्या. मग चाकांच्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचं, कारण तिथे पोचल्यावर कमोडवर सरकायचंही होतं. शेवटी व्हरांड्यात चाकं फिरवायची. डावा हात कच्चा, त्यामुळे खुर्ची दर वेळी डाव्या भिंतीला जाऊन भिडायची. एक बैल आळशी आहे म्हणून आजी स्वतःच हसायच्या. मी आळशी बैलाला जास्त वाळू दिली.

खरी अडचण निराळीच होती. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला कष्टताना पाहिलं की बघणाऱ्याचा जीव तुटतो. आजींनी चाकाला हात लावला रे लावला की कुणी तरी धावत येऊन मागून लोटायचंच. सेवेचं पुण्य ना ते! मी खुर्चीच्या पाठीला पाटी अडकवली, 'खुर्ची ढकलू नये'. लोक पाटी वाचायचे आणि ढकलायचे.

थंडी पडेपर्यंत आजींची खुर्ची सरळ चालायला लागली. अशात एकदा आश्रमात वृद्धांचा सत्कार होता. कार्यक्रम सुरू होण्याआधी आजी संडासाकडे निघाल्या. पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी ते पाहिलं, प्रेमाने खुर्ची धरली आणि हॉलकडे वळवली. हार तयार आहे, चला, म्हणाल्या. मी तोंड उघडणार तोच खुर्ची थांबली. आजींनी दोन्ही चाकं धरून ठेवली होती. बाईंनी जोर लावला, व्यवस्थापकांनीही हात लावला. खुर्ची हलेना.

"सोड वं माय," आजी म्हणाल्या. "मी माह्या कामाले जाऊन राहिली. हार थांबते."

बाईंनी हात काढले. आजींनी खुर्ची वळवली, व्हरांड्याच्या मधोमध सरळ गेल्या, दार लोटून आत शिरल्या. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. एरवी ते दार त्यांच्यामागे कधी लागत नसे, कारण सोबत आत कुणी तरी उभं असे. मी सगळ्यांना सांगितलं, आजींना वेळ लागेल, तुम्ही हॉलमध्ये जाऊन बसा.