एक इथे, एक तिथे

नवऱ्यांच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमुळे टोकियोतल्या फुनाबोरीत येऊन पडलेल्या आम्ही तिघी मैत्रिणी एकदा कामाकुराची जुनी देवळं बघायला गेलो. एका देवळात बूट काढून आत जायचं होतं. माझे बूट नवे. मी पुण्याच्या सवयीने एक पायरीशी ठेवला, दुसरा लांब कुंडीमागे. एकटा बूट कोण चोरणार?

"अगं, हा जपान आहे," मैत्रिणी हसल्या.

"असू दे. देऊळ आहे ना?"

बाहेर आले तर कुंडीमागे बूट नाही. "बघा, गेला की नाही!" मी तणतणले.

एकीने पायरीकडे बोट दाखवलं. कोणीतरी दोन्ही बूट जोडीने, टोकं बाहेर वळवून ठेवले होते. मी नुसते पाय घालायचे बाकी होते.