न्हाणीघराचं पत्र्याचं दार

माझा पुढचा अर्धा दात म्हैसुरात, समाजाच्या हॉस्टेलच्या न्हाणीघरात पडला. बादलीनं पडला, आणि बादली मारणारा माझ्याच खोलीतला सोबती होता.

आम्ही दोघे बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तो हुणसूरकडचा, मी पिरियापट्टणचा. दोघांचेही वडील तंबाखूच्या भट्टीत लाकडं सारणारे. पदवीपर्यंत पोचणारे घरातले आम्हीच पहिले. कॉलेजातल्या मॅडमनी मला आरोग्य पथकात घेतलं होतं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलावर त्यांनी विश्वास टाकला, हे मी विसरलेलो नाही. काम साधं होतं: हॉस्टेलात कुणाला ताप, पुरळ दिसलं की त्याच दिवशी कळवायचं. कांजिण्या कुणाला होऊन गेल्यात, तेही मी विचारून लिहिलं. स्वयंपाक करणारी आक्का म्हणाली, "मला कधी आली नाही अम्मा." कांजिण्यांना आमच्याकडे अम्माच म्हणतात, देवी अंगात आली असं मानतात. तिला सहावा महिना होता. तिच्या ओळीखाली मॅडमनी दोनदा रेघ मारली. पोटातल्या बाळाला यातून काय होऊ शकतं, ते मला समजावून सांगितलं.

परीक्षेला चार दिवस होते. सकाळी न्हाणीघरात सोबत्यानं शर्ट काढला, तर पाठभर पाण्यानं भरलेले फोड.

"अम्मा आलीय," तो म्हणाला. "पेपर होईस्तोवर गप्प बस."

"खाली आक्का आहे."

"तिच्यासमोर जात नाही. झालं?"

"जिना तोच, नळ तोच. मी मॅडमना फोन करतो."

"अम्मा आलेल्याला बाहेर घालवणार तू? तुझ्या आईनं घालवलं होतं काय तुला?"

नव्हतं घालवलं. मी सात वर्षांचा असताना आईनं दाराला कडुनिंब बांधला, घरात फोडणी बंद केली, आणि अंगावर देवी आहे म्हणून फोड वाळेपर्यंत मला अहो-जाहो केलं. त्याच्या घरीही तेच झालं असतं. तरी मी खिशातून फोन काढला.

बादली तोंडावर बसली. मी मोरीत कोसळलो. त्यानं माझे केस धरून डोकं फरशीवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा. मी त्याच्या पाठीत गुद्दे घातले. फोड फुटले, माझी मूठ ओली झाली, तो ओरडला, आणि मी मारतच राहिलो. पथकातला मी, शेवटचे दोन गुद्दे निव्वळ दुखवायला मारले.

आरडाओरडा ऐकून जिन्यावर पावलं वाजली. "काय रे मारामारी, मक्कळा, पोरांनो?" आक्का झारा घेऊन वर येत होती. भांडणारी पोरं सोडवायची, हा तिचा रोजचा धंदा. तिनं दार ढकललं. मी "येऊ नको" म्हणालो, पण तोंडभर रक्त असल्यानं तिला कळलं नाही. मी दोन्ही पायांनी दार लोटलं. पत्र्याच्या कडेत तिची बोटं सापडली.

ती किंचाळली तसा तो थांबला. ती आत येऊ नये म्हणून दाराला पाठ लावून तोच बसला, आतून.

मी फोन केला. मॅडमनी तिला तासाभरात इस्पितळात नेलं, कांजिण्यांपासून वाचवणारं इंजेक्शन मिळालं. त्याला मागच्या खोलीत ठेवलं. मी दाराशी ताट ठेवायचो. पहिलं ताट त्यानं माझ्या अंगावर फेकलं. त्याचे सगळे पेपर बुडाले. तीन आठवडे आक्काच्या घरी फोन करून मी एकच विचारायचो, फोड आला का. नाही आला.

डिसेंबरात तो पुरवणी परीक्षेला आला, तेव्हा आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिची दोन नखं अजून वाकडी होती. तिनं मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं तिचे हात उलटून पाहिले, पाय पाहिले, मानेला आधार देऊन हळूच पालथी करून पाठ पाहिली.

"दात बसवून घे रे," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "पोर घाबरेल."