नातीचं विमान नीट उतरेना

पहिल्यांदा आपटून विमान माणूसभर वर उडालं. दुसऱ्यांदा त्याहून वर. तिसऱ्यांदा ते नाकावर आलं, पुढचं चाक धावपट्टीवर आदळलं आणि तो आवाज भिंत ओलांडून आमच्या कांद्याच्या वावरात आला. आत माझी नात होती, एकटी. शिकवणारे सर त्या दिवशी खाली होते. मग इंजिन एकदम ओरडलं, विमान वाकडंतिकडं वर चढलं आणि आमच्या डोक्यावरून निघून गेलं. म्हणजे ती जिवंत होती, आणि तिला अजून एकदा उतरायचं होतं.

निंदणाच्या पाच बाया खुरपी टाकून उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. हे असं कशानं झालं ते मला ठाऊक होतं, कारण त्यात माझा हात होता.

आमचं वावर अमरावतीच्या बाहेर, धावपट्टीला लागून आहे. थोडं चढावर असल्यामुळे भिंतीपलीकडचं सगळं दिसतं. विमान शिकवायची शाळा सुरू झाली तशी सकाळपासून लहान विमानं उतरायची, पुन्हा उडायची, पुन्हा उतरायची. वाकून निंदताना कंबर मोडते, तेवढाच विरंगुळा. बायांनी उतरण्याला नावं पाडली. अलगद टेकलं तर लोणी. बरं उतरलं तर वरण. आदळलं तर दगड. आपटून उड्या मारल्या तर बेडूक. आत कोणाचं पोर आहे याच्याशी आम्हाला काही घेणं नव्हतं.

मग माझी नातच त्या शाळेत लागली. मुलगा आणि सून अकोल्याला राहतात, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. सुनेच्या मनात नव्हतं. पोरीनं बीएड करावं, अकोल्यातच राहावं, असं तिचं म्हणणं. मुलगा दोघींच्या मधे गप्प बसणारा. सुनेनं कबूल केलं ते एका अटीवर: जमलं तर जमलं, नाहीतर बॅग उचलून अकोल्याला परत.

सुरुवातीचे दगड सगळ्यांचेच असतात, तिचेही होते. नंतर जमायला लागलं. सर एक दिवस खाली उतरले आणि तिला एकटीला सोडलं. तिनं लागोपाठ तीनदा विमान असं टेकवलं की बाया खुरपं विसरल्या.

"अवं माय, लोणी! तिन्ही बी लोणी!"

संध्याकाळी मी तिला ते सांगितलं. मी कोणाची तारीफ करत नाही. पोळी चांगली झाली तरी खाऊन उठते. त्या दिवशी सांगितलं, कारण मला बरं वाटलं होतं. ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"आजी, तुमी रोज पाहता?"

"रोज पाहतो."

"अन् नावं ठेवता?"

"तर काय! आमाले काय रेडिओ हाय तिथं?"

ती खूप हसली. दुसऱ्या दिवसापासून घरी आली की हातपाय धुवायच्या आधी विचारायची, "आज काय पडलं?" मी खरं सांगायची. वरण, वरण, दगड. आठ दिवसांनी दगड, दगड, बेडूक. एका बाईनं सांगितलं, पोरीला दृष्ट लागली. माझा विश्वास नाही, पण मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका मलाच लागला. सकाळी विमान पुन्हा आदळलं. सरांनी तिचं एकटीनं उडणं बंद केलं.

सर फौजेतून निवृत्त झालेले, परगावचे. आठवड्यातून एकदा वावराच्या बांधाशी, धुऱ्यावर, गाडी लावून आमच्याकडून वांगी न्यायचे. मी त्यांना सरळ विचारलं, "पोट्टीले येत होतं, आता काहून येत नाही? विसरली का?"

"विसरली नाही, आजी. हे सगळ्यांना होतं. मला वीस वर्षं विमान उडवल्यावर झालं होतं."

ते धुऱ्यावर बसले आणि मला समजेल असं सांगितलं. विमान जमिनीजवळ आलं की नाक हळूच उचलायचं असतं. नवं पोर घाबरून प्रत्येक गोष्ट ठरल्याप्रमाणे करतं. जमायला लागलं की वाटतं, आता हाताला कळतं. मग एखाद्या दिवशी ऊन चढतं, काळी जमीन तापते, खालची हवा विमानाला उचलून धरते, आणि ते हवं तिथं बसत नाही. चूक एवढीशी असते. पण पोर ती मनात धरतं. आज उशिरा उचललं म्हणून आपटलं, तर उद्या लवकर उचलतं, मग विमान उंचावर तरंगतं आणि धपकन पडतं. परवा पुन्हा उशिरा. रोज कालची चूक दुरुस्त करायची, आणि आजचं विमान तसंच राहायचं.

"आणि तिची नजर जवळ आली आहे," ते म्हणाले. "उतरताना धावपट्टीच्या पार टोकाकडे बघायचं असतं, तेव्हा उंची कळते. ती चाकाखाली बघते. अलगद टेकलं का, तेवढंच बघते. असं का करते, कळत नाही."

मला कळलं. मी नवी सून असताना पेरणीच्या तिफणीमागं सरता धरायची. सरता म्हणजे दोरीनं मागं बांधलेला पोकळ नळा, त्यात मुठीतून तुरीचे दाणे सोडायचे. पहिल्या वर्षी माझी तूर अशी एकसारखी उगवली की सासू चार घरी सांगून आली. दुसऱ्या वर्षी मी माझ्या मुठीकडेच बघत चालले. कुठे दहा दाण्यांचा झुपका, कुठे हातभर जागा रिकामी. सासूनं त्याही वर्षी चार घरी सांगितलं.

मी सरांना लोण्याचं आणि बेडकाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे ती विमान उतरवत नाही, तुमच्यासाठी लोणी काढते!"

त्या दिवशी मी बायांना सांगितलं, नावं बंद. एक म्हणाली, "मंग आमी काय पाहाचं?"

"तण पाहा. लय वाढलं."

संध्याकाळी नातीनं विचारलं, आज काय पडलं. मी म्हटलं, "मी कांदे निंदून राहिली होती." ती फुगून बसली. माझं तोंड बंद झालं म्हणून तिचं विमान लगेच सुधारलं, असं काही नाही. सर शेजारी बसून पंधरा दिवस तिला घेऊन फिरले. ऊन चढायच्या आत उडायचं म्हणून ती रोज पहाटेच उठायची, मी डबा द्यायची. हळूहळू वरणावर आली. हे मी मनात म्हणायची, तोंडानं नाही. मग सर परत खाली उतरले आणि तिला एकटीला सोडलं. तो हाच दिवस.

विमान लांबून वळसा घेत होतं. मी बायांना म्हटलं, "बसा खाली. निंदा."

"बुढे, तुही नात मरून राहिली अन् तू आमाले निंदाले लावतं?"

"तुमच्या उभं राहिल्यानं ते उतरत नाही. बसा म्हनलं ना!"

वरून येताना भिंतीला लागून लुगड्यांची रांग दिसते, हे तिनंच मला सांगितलं होतं. मला ती रांग नको होती. बाया शिव्या देत बसल्या. मीही पाठ करून बसले आणि हात चालू ठेवला. नंतर पाहिलं तर तण जागेवर होतं, मी कांद्याची अर्धी ओळ उपटली होती.

इंजिनाचा आवाज जवळ आला, मग बारीक झाला. धप्प झालं. मोठं धप्प. मी दुसऱ्याची वाट पाहिली. ते आलं नाही. चाकांची घरघर लांब जात राहिली. मग मी वळून पाहिलं. विमान पट्टीच्या मधोमध सरळ चाललं होतं.

संध्याकाळी ती आली, आंघोळ केली, दोन भाकरी खाल्ल्या. मी विचारलं, "दुसऱ्यांदा येताना आमी दिसलो का?"

"तुमी कुठी होत्या? मी तर पार त्या टोकाकडे पाहून राहिली होती. सर खालून रेडिओवर म्हनत होते, आपटू दे, पण सरळ आण."

"चाक मोडलं?"

"पुढचं बदलतील. परवा पुन्हा जायचं हाय मले. आईले नको सांगू."

सुनेला मी सांगितलंच, लपवायचं काय त्यात. ती अकोल्याहून गाडी करून आली, अर्धा दिवस बोलली, पोरीला परत न्यायची बॅगही काढली. पोरीनं बॅग पलंगाखाली ढकलली आणि जेवायला बसली. सून एकटीच परत गेली.